बस्त्याचे कपडे आणि आजी-आजोबांचे आजचे माप

लग्नाची तिथी पक्की झाली की भिंगारच्या घरांत बस्त्याचा दिवस ठरतो. भिंगारहून नगरचा कापड बाजार काही लांब नाही. रिक्षात बसले की थोड्याच वेळात माणूस दुकानांच्या गर्दीत उतरतो. अलीकडे तरुण मंडळी सावेडीकडच्या मोठ्या दुकानांतही जातात. वधू-वरांचे कपडे निवडण्यात दुपार सरते, मानपानाच्या साड्या बांधून होतात, आणि अगदी शेवटी कुणाला तरी आठवण होते : आजोबांचा कुर्ता राहिला. आजोबा घरीच असतात, कारण दुकानाच्या पायऱ्या, गर्दी आणि तासन्‌तास बसणे त्यांना सोसत नाही. मग घरी फोन जातो. “आजोबांचा नंबर काय हो?” पलीकडून उत्तर येते, “बेचाळीस असावा बहुतेक.” बेचाळीस नंबरचा कुर्ता बांधला जातो. आजींसाठी तेवढाही प्रश्न विचारला जात नाही. साडीला कुठे माप असते, असे म्हणून एक पिशवी वाढते आणि ब्लाउजसाठी कपाटातला जुना ब्लाउज शिंप्याकडे पोचतो.

तो बेचाळीस नंबर दहा वर्षांपूर्वीचा असतो. जुना ब्लाउज गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या आधीचा असतो. लग्नाच्या दिवशी सकाळी हे सारे उघडे पडते, आणि तेव्हा वेळ हातात नसतो. कुर्त्याच्या बाह्या बोटांपर्यंत येतात, ब्लाउजचा हुक लागत नाही किंवा खांदा सारखा उतरत राहतो. ज्येष्ठ माणसे सहसा तक्रार करीत नाहीत. ती “मला आता कशाला हौस” असे म्हणून मागच्या रांगेतल्या खुर्चीवर बसतात, फोटोला उठत नाहीत, पुढच्या समारंभाला “तुम्हीच जाऊन या” म्हणतात. घरच्यांना वाटते, वयोमानाने विरक्ती आली. अनेकदा ती विरक्ती नसते. अंगावरचे कपडे अंगाचे नसतात, एवढेच असते.

आपल्या आधीच्या पिढ्यांना हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण त्यांच्या सणासुदीच्या वस्त्रांना शिवणच नव्हती. नऊवारी लुगडे, धोतर, उपरणे, फेटा ही सगळी वस्त्रे माणसाच्या देहाप्रमाणे रोज नव्याने बेतली जात. पोट सुटले तर निऱ्या कमी, देह वाळला तर निऱ्या अधिक. नगर तर हातमागावरच्या लुगड्यांसाठी नावाजलेले गाव. माप लागे ते चोळीला आणि सदऱ्याला, आणि ते घेणारा शिंपी घरच्या माणसांना वर्षानुवर्षे ओळखत असे. तो दर वेळी नव्याने पट्टी लावी. मागच्या खेपेपेक्षा छाती इंचभर कमी भरली तर “तब्येत बरी नव्हती का?” असे विचारीही. तयार कपडे आले आणि पट्टी मागे पडली. तिच्या जागी एक आकडा आला. हा आकडा माणसाच्या नावासारखा कायमचा असतो अशी आपली समजूत झाली आहे. तो तसा नसतो.

आकड्यामागे काय दडले आहे

प्रथम हे लक्षात घ्यावे की निरनिराळ्या कपड्यांवरचे आकडे निरनिराळ्या गोष्टींचे असतात. पुरुषांच्या अनेक तयार शर्टांवर जो ३९, ४० किंवा ४२ असा आकडा असतो तो कॉलरचा, म्हणजे मानेचा घेर असतो आणि तो सेंटिमीटरमध्ये असतो. कुर्त्यावरचा आणि जाकिटावरचा ४० हा बहुधा छातीचा घेर असतो आणि तो इंचांत असतो. त्यामुळे शर्ट चाळीसचा घालणाऱ्या गृहस्थाला कुर्ता ४२ किंवा ४४ लागला तर त्यात नवल काही नाही. पँटवरचा आकडा कमरेचा; परंतु कंबर म्हणजे कोठली कंबर? पोट सुटलेले आजोबा पँट बेंबीच्या वर बांधतात की पोटाखाली, यावर त्यांचा आकडा दोन-तीन इंचांनी बदलतो.

स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे तर आणखी मोघम. एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीच्या मीडियमएवढा असू शकतो. परदेशातून मुले-सुना कपडे पाठवतात तेव्हा गोंधळ वाढतो, कारण स्त्रियांच्या कपड्यांवरचा ब्रिटनमधला १२ हा अमेरिकेत साधारण ८ असतो आणि युरोपात ४० च्या आसपास जातो. आकडा पाहून आजी म्हणतात, “मला आठ कसा बसेल?” त्यांची शंका रास्त असते.

हे आकडे आले कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली आणि रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांनी १९४१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांच्या आधारे १९५८ मध्ये तेथे स्त्रियांच्या कपड्यांचे एक प्रमाण ठरवण्यात आले. पुढे कंपन्यांनी ते आपापल्या सोयीने वाकवले. गिऱ्हाइकाला आपण बारीक आहोत असे वाटावे म्हणून मोठ्या कपड्यावर लहान आकडा लावण्याची रीत पडली, आणि १९८३ मध्ये ते प्रमाण मागे घेण्यात आले. आपल्याकडे तर आजवर विलायती कोष्टकांवरच बरेचसे भागवले गेले. भारतीयांच्या मापांसाठी केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निफ्ट’ने, ‘इंडियासाइज’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांत सुमारे २५,००० स्त्री-पुरुषांची मापे त्रिमिती यंत्राने घ्यावयाची, अशी त्याची आखणी. काम स्तुत्यच आहे. फक्त त्यासाठी धरलेला वयोगट पाहा : १५ ते ६५. सहस्रचंद्रदर्शनाला बसणाऱ्या आजोबांचा देह कोणत्याही कोष्टकात नाही, असा याचा अर्थ. म्हणूनच त्यांच्या बाबतीत कोष्टकापेक्षा पट्टीवर विसंबणे अधिक शहाणपणाचे.

एक सोय मात्र झाली आहे. सुटे विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर एस, एम, एल या अक्षरांबरोबर सेंटिमीटर किंवा मीटरमधले मापही द्यावे, असे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवून दिले. कपड्याच्या आतल्या चिठ्ठीवर अक्षराखाली बारीक टाइपात ते शोधावे. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, १०२ लिहिले असेल तर चाळीस इंच समजावे.

वयाबरोबर देहाचा आराखडा बदलतो

उतारवयात माणूस नुसता जाड किंवा बारीक होत नाही, त्याच्या देहाची ठेवण बदलते. चाळिशीनंतर दर दहा वर्षांत उंची साधारण एक सेंटिमीटरने घटते आणि सत्तरीनंतर हा वेग वाढतो. मणक्यांमधल्या चकत्या दबतात, हाडे विरळ होतात, पाठीला बाक येतो. उंची घटते ती मुख्यतः धडाची. हातपाय तेवढेच राहतात. त्यामुळे बरगड्या आणि कंबर यांतले अंतर कमी होते आणि वजन न वाढताही पोट पुढे येते. खांदे उतरतात. दंड आणि मांड्यांचे स्नायू झडतात. म्हणजे त्याच माणसाला छातीला एक नंबर, पोटाला त्याहून मोठा आणि दंडाला त्याहून लहान अशी तीन मापे लागू पडतात. तयार कपडा यांतल्या एकालाच न्याय देतो.

पाठीला बाक असेल तर कुर्ता समोरून लांब आणि मागून आखूड दिसतो. मागचा काठ वर उचलला जातो आणि समोरचा खाली लोंबतो. अशा वेळी दुकानदार एक नंबर मोठा घ्यायला सांगतो. त्याने प्रश्न सुटत नाही. गळा मोठा होऊन मानेपासून सुटतो, खांद्याची शिवण दंडावर उतरते, आणि समोरचा काठ आणखी खाली येतो. खांदा आणि छाती बसेल तोच नंबर घ्यावा, मागची लांबी पुरते का ते पाहावे आणि समोरची लांबी शिंप्याकडून कमी करून घ्यावी. काम लहान असते, पण आजोबा आरशापुढे उभे राहिले की त्याचा फरक डोळ्यांत भरतो.

साडीला माप नसते हे अर्धसत्य आहे. साडीचा पन्हा ठरलेला असतो, आजींची उंची मात्र घटलेली असते. उरलेला पन्हा कमरेशी खोचला जातो. जरीच्या जड साडीत ही खोच एवढी फुगते की बसताना ती पोटात रुतते. अशा आजींसाठी कमी पन्ह्याची, हलक्या पोताची साडी पाहावी. बारीक काठाचे मऊ सुती रेशीम जड शालूपेक्षा त्यांना अधिक शोभते, असे माझे मत आहे. आता शिवलेली नऊवारी आणि शिवलेली सहावारीही मिळते. मात्र ती घेताना कंबर आणि सीट यांच्याइतकीच उंची मोजून द्यावी, नाहीतर घोळ पायात येतो.

पट्टी कशी लावावी

भिंगार ही छावणीची वस्ती. येथे रणगाडा दलाची प्रशिक्षण संस्था १९४८ पासून आहे, आणि फौजेतून निवृत्त झालेली माणसे येथल्या अनेक घरांत आहेत. त्यांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. गणवेश अंगावर कसा बसावा याचे धडे त्यांनी तरुणपणी गिरवलेले असतात आणि भरतीच्या वेळी त्यांची उंची व छाती मोजून कागदावर लिहिलेली असते. तो जुना कागद घरात असेल तर काढून ठेवावा. त्याचा आणखी एक उपयोग पुढे येणार आहे.

माप घेताना नेहमीचे पातळ आतले कपडे अंगावर असू द्यावेत. थंडीतले लग्न असेल तर त्या दिवशी आत जो गरम बनियन घालावयाचा तो घालूनच मोजावे. डिसेंबर-जानेवारीत नगरकडची संध्याकाळ चांगलीच बोचरी असते. श्वास रोखू नये, पोट आत ओढू नये. पट्टीखाली दोन बोटे शिरतील एवढी ढील ठेवावी. छाती, पोटाचा सर्वांत मोठा घेर, सीट, खांद्यापासून मनगट, आणि मानेच्या हाडापासून मागची लांबी एवढी मापे पुरतात. पोट आणि सीट उभे राहून एकदा आणि खुर्चीत बसून एकदा मोजावीत. बसल्यावर घेर वाढतो, आणि समारंभात ज्येष्ठांचा बहुतेक वेळ बसण्यात जातो. पावलांचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात सूज चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पावले सुजतात.

याहून सोपा मार्ग असा : गेल्या तीन-चार महिन्यांत जो कपडा आजी-आजोबा आपणहून, आवडीने घालतात तो सपाट जमिनीवर पसरावा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजावे आणि त्याची दुप्पट करावी. बावीस इंच भरले तर तो कुर्ता चव्वेचाळीस घेराचा. हा आकडा आणि मोजपट्टी घेऊन दुकानात जावे आणि नवा कपडा तेथेच तसाच पसरून मोजावा. दुकानदार थोडा हसेल, हसू द्यावे. ऑनलाइन खरेदीत दिलेला तक्ता देहाच्या मापाचा आहे की कपड्याच्या मापाचा हे वाचून घ्यावे. देहाच्या मापाचा असेल तर छाती जशीच्या तशी पाहावी, कपड्याचा असेल तर त्यात कुर्त्यासाठी चार इंचांच्या आसपास ढील हवी.

काही देहांना दोन बाजूंची दोन मापे लागतात, आणि ते संकोचाने सांगितले जात नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांच्या त्या बाजूच्या हाताला सूज राहते. त्या बाजूची बाही आणि मुंढा वेगळा मोजून सैल शिववावा. घट्ट बाहीने सूज वाढते. डायलिसिससाठी ज्या हातात फिस्टुला केलेला असेल त्या हातावर घट्ट बाही, घट्ट बांगड्या किंवा तोडे मुळीच नकोत, कारण तेथला रक्तप्रवाह दबता कामा नये. पक्षाघाताने एक हात अधू झाला असेल तर समोरून पूर्ण उघडणारा कुर्ता किंवा ब्लाउज घ्यावा. घालताना अधू हात आधी बाहीत सरकवावा, काढताना तो शेवटी काढावा. शुश्रूषा करणाऱ्यांनी हा क्रम पाठ करावा; त्याने खांदा दुखावत नाही.

नाडीची गाठ

कपड्यांच्या मापाविषयी लिहिताना परकराच्या नाडीवर थोडे थांबावे लागेल. साडी सुटू नये म्हणून नाडी करकचून आवळण्याची सवय आपल्याकडच्या बायकांना मुलीपणापासून असते. लग्नकार्यात ती आणखी आवळली जाते, कारण जड साडीचा भार तिच्यावरच असतो. वर्षानुवर्षे एकाच जागी नाडी काचत राहिली की तेथली त्वचा काळवंडते, जाड होते, कधी सोलवटते. जखम भरते, पुन्हा होते. अशा दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेत क्वचित कर्करोग उद्भवतो. ही भीती घालण्यासाठी रचलेली गोष्ट नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या काचण्यातून कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात मांडली. एक परकर घट्ट बांधणारी, दुसरी परकराविना लुगडे कमरेला आवळून नेसणारी. दोघींच्या कुशीवरची जखम दीड-दोन वर्षे भरली नव्हती आणि तपासणीत तो त्वचेचा कर्करोग निघाला.

असे क्वचितच घडते. पण खबरदारी अगदी सोपी आहे. नेफा तीन-चार बोटे रुंद करून घ्यावा, दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टीची नाडी घालावी, ती रोज जरा वर-खाली बांधावी, घरी असताना सैल सोडावी. मागे इलॅस्टिक आणि पुढे नाडी असा नेफा शिंपी सहज करून देतो. कमरेवर काळा पट्टा दिसत असेल तर तेथे खाज, भेग किंवा न भरणारी जखम नाही ना, हे मुलीने किंवा सुनेने अधूनमधून पाहावे. आजींना स्वतःला ती जागा दिसत नाही. तीन-चार आठवडे न भरलेली जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

आजोबांच्या कमरेलाही हेच लागू. घट्ट पट्ट्याने जेवणानंतर आम्ल वर येते. मांडीच्या बाहेरच्या बाजूला जळजळ आणि बधिरपणा येत असेल तर कधीकधी त्याचे मूळ पट्ट्याखाली दबलेल्या नसेत सापडते.

बसून, उठून, जाऊन यावे

दुकानात किंवा घरी कपडा घालून पाहताना आपण उभे राहतो, आरशात पाहतो आणि ‘छान’ म्हणतो. ज्येष्ठांची परीक्षा वेगळी हवी. खुर्चीत बसावे, पुन्हा उठावे. अक्षता टाकायला हात खांद्याच्या वर नेऊन पाहावा. वाकून चपलेकडे हात न्यावा. आणि कपडा घातलेल्या स्थितीत शौचालयात एकदा जाऊन यावे.

ही शेवटची गोष्ट वाचून कुणी हसेल, परंतु लग्नकार्यात वृद्धांचे हाल येथेच होतात. नाडीची गाठ सुटत नाही, चुडीदार वर-खाली होत नाही, कार्यालयातल्या शौचालयात ओले असते. म्हणून कित्येक आजी सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी मनानेच चुकवतात. दुपारी उन्हात मांडवात बसून चक्कर येते तेव्हा तिचे खापर उपवासावर किंवा दगदगीवर फुटते. चुडीदारापेक्षा सैल लेंगा बरा. काज-बटणांपेक्षा टिचबटणे किंवा वेल्क्रो बरे. बाहेरून शोभेची बटणे लावून आत वेल्क्रो बसवता येतो, कुणाला कळतही नाही. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या माणसाला आपले आपण कपडे घालता येणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे त्यालाच ठाऊक.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला दुकानात नेऊच नये. गर्दी, झगमगाट आणि परक्या माणसांनी केलेली ओढाताण तिला सोसत नाही. एकाच कपड्याचे दोन नंबर घरी आणावेत, शांत वेळी घालून पाहावेत आणि नको तो परत करावा. दोन-चार दिवस आधी तो कपडा घरात अंगावर राहू दिला तर समारंभाच्या दिवशी त्याची ओळख पटलेली असते.

आता सैल कपड्यांविषयी. म्हाताऱ्या माणसाला ढगळ चालते, या समजुतीचा मला मनापासून राग आहे. त्यात अनादर तर आहेच, धोकाही आहे. कार्यालयाच्या पायऱ्यांवर लांब लेंग्यात पाय अडकतो, साडीचा घोळ चपलेखाली येतो, आणि या वयातले पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड. लेंगा किंवा साडी घोट्याला टेकेल, जमिनीला नव्हे, अशी असावी आणि ती त्या दिवशी घालावयाच्या चपला घालूनच मोजावी. षष्ट्यब्दीपूर्ती किंवा सहस्रचंद्रदर्शनाला अनेक दिव्यांनी औक्षण करतात. तेव्हा ढगळ बाही आणि सुटा पदर ज्योतीजवळ जातो. कृत्रिम धाग्याचे कापड पेटले की वितळून कातडीला चिकटते. त्या विधीसाठी सुती वस्त्र, नेटकी बाही आणि पिन लावलेला पदर असावा, आणि जवळ एक माणूस उभा असावा.

नंबर बदलला, का बदलला?

माप घेतल्यावर जुन्या आकड्याशी ताडून पाहावे. बस्त्याच्या निमित्ताने घरी होणारी ही एक छोटी तपासणीच आहे. कसलाही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी घटले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो कमी झाले, तर डॉक्टरांना सांगावे. वजनकाटा घरात नसतो. ब्लाउज मात्र असतो. तो खांद्यावरून उतरू लागला, बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या, तर त्याचे कारण दातांची कवळी बसत नसल्यापासून मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, खिन्नता किंवा कर्करोग असे काहीही असू शकते. शिंप्याकडून टिपा घालून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

उलटही पाहावे. हातपाय वाळलेले आणि पोट मात्र काही आठवड्यांत वाढलेले, किंवा चपला, मोजे एकाएकी घट्ट होऊ लागलेले, तर यकृत, हृदय, मूत्रपिंडे यांची तपासणी हवी. हळूहळू वाढलेल्या पोटाचेही एक परिमाण आहे : भारतीय पुरुषांत कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला की मधुमेह व हृदयरोगाचा धोका वाढतो.

आणि तो फौजेतला जुना कागद. तरुणपणीच्या उंचीपेक्षा आजची उंची चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल तर पाठीचा एखादा मणका न कळत दबला असण्याची शक्यता असते. लेंगा लांब झाला म्हणून दुमडून शिवण्याआधी हाडांच्या ठिसूळपणाविषयी डॉक्टरांशी बोलावे. ज्या आजींच्या उंचीची अशी नोंद नाही त्यांच्या जुन्या लग्नाच्या फोटोत त्या आजोबांच्या खांद्याला लागत होत्या की कानाला, हे पाहूनही थोडा अंदाज येतो. थोडाच, कारण आजोबाही त्याच वाटेने गेलेले असतात.

दुकानात आणि शिंप्याकडे

मापाने न बसलेला कपडा कायद्याच्या दृष्टीने सदोष माल नव्हे. म्हणून बदलून मिळेल का, किती दिवसांत, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे आणि शक्य तर बिलावर लिहून घ्यावे. वर सांगितलेली बसण्या-उठण्याची परीक्षा होईपर्यंत चिठ्ठी तोडू नये. एकदा शिंप्याने कात्री लावली की कपडा बदलून मिळत नाही.

ज्येष्ठांसाठी कपडा निवडताना तो उलटा करून शिवणीत माया किती सोडली आहे ते पाहावे. तयार कपड्यांत ती बहुधा अगदी कमी असते. बाजूच्या शिवणीत दोन बोटे माया असेल तर तोच घ्यावा, कारण पुढच्या कार्याला तो सैल करता येतो. ब्लाउज शिवायला टाकताना हे मुद्दाम सांगावे. जुना ब्लाउज नमुन्याला दिला तरी आजींना एकदा शिंप्यापुढे उभे करावे, नाहीतर शिंप्यालाच घरी बोलवावे. दोन गल्ल्यांपलीकडचा शिंपी ज्येष्ठांसाठी येतो, फक्त त्याला लग्नसराईच्या ऐन गर्दीत गाठू नये. मुहूर्ताच्या तीन आठवडे आधी माप दिले तर एक खेप घालून पाहायला आणि एक दुरुस्तीला मिळते. घेतलेली मापे तारखेसह घरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवावीत आणि पुढच्या बस्त्याला निघताना तो आकडा वाचून दाखवण्याऐवजी पट्टीच पुन्हा काढावी.